गच्चीवर टॉवर असून रेंज का जाते?

कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलंय, ते थोडक्यात असं: ‘आमच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे, भाडंही नियमित येतं. पण पाणी भरून वीज गेली की दोन तासांत सगळ्यांचे फोन बंद. मागच्या पावसाळ्यात तळमजल्यावरच्या एका आजींना दवाखान्यात न्यायचं होतं आणि बिल्डिंगमधल्या एकाचाही फोन लागेना. कंपनीवाले म्हणतात, बॅटरी उतरली. मग या टॉवरचा उपयोग काय? जनरेटर बसवायला परवानगी मागतायत, ती द्यावी का? आणि तोवर आम्ही काय करायचं?’

या धंद्यात माझी चोवीस वर्षं गेली. आधी साइटवर फिरलो, मग कंट्रोल रूममध्ये बसलो, शेवटची काही वर्षं टॉवरांच्या वीज आणि बॅटरीचं काम पाहिलं. आता निवृत्त आहे, त्यामुळे कुणाची बाजू राखायची गरज नाही. तुम्ही प्रश्न टॉवरचा म्हणून विचारलाय, पण तो विजेचा आहे. आणि त्यातला निम्मा भाग गच्चीवर नाही, तुमच्या तळमजल्यावरच्या मीटर रूममध्ये आणि गच्चीच्या कुलपात आहे. हे वाचून राग येईल, पण पुढचं वाचा.

२६ जुलै २००५ ला मी दक्षिण मुंबईतल्या कंट्रोल रूममध्ये ड्यूटीवर होतो. भिंतभर पडदे, पडद्यावर शहराचा नकाशा, प्रत्येक साइटचा, म्हणजे टॉवर असलेल्या जागेचा, एक हिरवा ठिपका. बाहेर पाऊस म्हणावा तर साधाच. त्या चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर पडला आणि सांताक्रूझला ९४४. खिडकीतून दिसत होती ती मुंबई एक आणि पडद्यावर दिसत होती ती दुसरी. दुपारनंतर उपनगरांतून ‘मेन्स फेल’चे अलार्म यायला लागले. मेन्स फेल म्हणजे साइटची वीज गेली, साइट बॅटरीवर आली. तेव्हा कुणी खुर्चीतून उठलंसुद्धा नाही, कारण असे अलार्म रोजच येतात. संध्याकाळी त्याच साइटवरून ‘लो बॅटरी’ आला. अंधार पडेपर्यंत कुर्ला, कलिना, सांताक्रूझ लालभडक. त्या दिवशी आमचा एकही टॉवर पडला नव्हता. अँटेना जागच्या जागी, केबल जागच्या जागी, यंत्रं धडधाकट. फक्त वीज नव्हती आणि डिझेल घेऊन निघालेला टेम्पो कलानगरच्या पुढे सरकत नव्हता.

तुमच्या आजींच्या वेळीही हेच झालं असणार. पावसानं रेंज जाते असा एक समज आहे, तो बाजूला ठेवा. फोन आणि टॉवर यांच्यामधल्या लहरींना पाऊस फारसा जाणवत नाही. वीज जाते, म्हणून रेंज जाते.

आता कंपनीची ती ‘बॅटरी उतरली’ म्हणजे काय, ते आकड्यांत बघू. टॉवरची सगळी यंत्रं ४८ व्होल्ट डीसीवर चालतात. घरगुती वीज आत येते, रेक्टिफायर तिची डीसी करतो, त्यावर यंत्रंही चालतात आणि बॅटऱ्याही भरतात. गच्चीवरच्या लहान साइटला ४८ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची बॅटरी बँक धरा. म्हणजे कागदावर ९.६ युनिट वीज. बॅटरी पूर्ण रिकामी करत नाहीत, ८० टक्के वापरतात, म्हणजे साडेसात युनिटच्या आसपास. साइटचा लोड अडीच किलोवॅट असेल तर तीन तास. हे झालं नव्या बॅटरीचं. शिशाच्या बॅटरीचा शत्रू म्हणजे ऊन. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या कॅबिनेटमध्ये काय तापमान असतं, ते वाळवणं घालणाऱ्या कुणालाही विचारा. दोन-तीन उन्हाळे काढलेली बॅटरी ६० टक्क्यांवर आली, तर तीन तासांचे पावणेदोन होतात. तुमचे ‘दोन तास’ इथून आले.

यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे, वीज गेली की टॉवरवरचा भारही वाढतो. सोमवारी १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, लोकल थांबल्या होत्या, आठवत असेल. निम्मं शहर तेव्हा घरून काम करत होतं. वीज गेली त्या क्षणी घराघरांतले वायफाय राउटर बंद पडले आणि तो सगळा भार मोबाइल डेटावर आला. म्हणजे टॉवर बॅटरीवर आला असतानाच त्याला जास्त राबावं लागलं. शिवाय हल्ली त्याच खांबावर फाइव्ह-जीची यंत्रं चढली आहेत. पूर्ण भारावर त्यातला एकेक रेडिओ किलोवॅटच्या आसपास वीज खातो आणि एका साइटवर असे तीन असतात. बॅटरी मात्र बऱ्याच ठिकाणी जुनीच राहिलीय. शहाणी कंपनी अशा वेळी फाइव्ह-जी आणि वरचे बँड (जास्त फ्रिक्वेन्सीचे पट्टे) आधी बंद करते आणि आवाज व साधा डेटा जगवते. हे सेटिंग प्रत्येक साइटवर केलेलं असतंच, असं माझ्या अनुभवावरून म्हणवत नाही.

आता मीटर रूम. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात तसं इथं होतं. सगळेजण वर टॉवरकडे बघतात आणि बिघाड खाली असतो. गच्चीवरच्या साइटचा वीजमीटर बहुतेक इमारतींत तळमजल्यावरच, बाकीच्या मीटरांच्या शेजारी असतो. सखल भागात पाणी मीटर रूमच्या उंबऱ्याला टेकलं की वीज कंपनी सुरक्षेसाठी पुरवठा बंद करते, आणि ते योग्यच आहे, नाहीतर माणसं शॉक लागून मरतील. पण याचा अर्थ असा की सातव्या मजल्यावरची, पाण्यापासून सत्तर फूट उंच असलेली साइट तळमजल्यावरच्या दोन फूट पाण्यामुळे बंद पडते. मीटर उंचावर घेतले, तर कित्येकदा पुरवठा तोडायची वेळच येत नाही. हा खर्च टॉवरसाठी म्हणून करू नका, स्वतःच्या लिफ्टसाठी आणि पाण्याच्या पंपासाठी करा. टॉवरला त्याचा फायदा आपोआप मिळेल. नेहरूनगर सखल आहे हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट कुलपाची. घाटकोपरच्या एका साइटची हकिगत सांगतो. रात्रीची वेळ, वीज गेलेली, लिफ्ट बंद. आमचा टेक्निशियन आणि त्याचा मदतनीस चार्ज केलेल्या बॅटऱ्या पाठीवर घेऊन सात मजले चढले. वर गच्चीला कुलूप. वॉचमन म्हणाला, किल्ली खजिनदारांकडे. खजिनदार गावी. दुसरी किल्ली सेक्रेटरींकडे, पण त्यांचा फोन लागेना, कारण रेंज नव्हती! ती साइट एकूण अकरा तास बंद होती, त्यातले सात किल्लीचे. आमच्या रिपोर्टात कारण म्हणून ‘अॅक्सेस’ एवढा एकच शब्द लिहिला गेला. मुंबईतल्या गच्चीवरच्या साइटना हा शब्द किती वेळा लागला, ते मोजायचं मी पुढे सोडून दिलं. सोसायटीचंही चुकत नाही म्हणा. चोऱ्या होतात, टेक्निशियन बदलतात, ओळखपत्र कुणी दाखवत नाही. पण सीलबंद पाकिटात एक किल्ली वॉचमनकडे ठेवायला आणि रजिस्टरमध्ये सही घ्यायला पैसे लागत नाहीत.

आता जनरेटरचा प्रश्न. इथं सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. इमारत किती जुनी आहे, गच्चीचा स्लॅब कसा आहे, खाली पाणी किती चढतं, आवाजाचा त्रास कुणाला होईल, यावर ते ठरतं. मी असतो तर गच्चीवर डिझेल साठवायला ‘नाही’च म्हटलं असतं. आग लागली तर शिडी तिथवर पोहोचेल का, हा पहिला प्रश्न, आणि वर चढवलेलं डिझेल महिनोन्‌महिने तिथंच पडून राहतं. खाली आवारात जनरेटर ठेवायचा तर तुमच्याकडे तो पुराच्या पाण्यातच उभा राहणार. २००५ नंतर आम्ही कितीतरी जनरेटर आणि कॅबिनेट उंच ओट्यांवर घेतले, पण ओट्याची उंची ठरवताना सगळे मागच्या पुराची खूण बघतात आणि पुढचा पूर त्याच्या वर येतो.

मग बॅटरी किती तासांची मागावी? अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या नियामकांनी २०२० मध्ये वणव्याचा धोका असलेल्या भागांत मोबाइल कंपन्यांना ७२ तासांचा बॅकअप सक्तीचा केला. ऐकायला छान वाटतं. आपल्या गच्चीवर हिशेब करून बघा: अडीच किलोवॅट गुणिले ७२ म्हणजे १८० युनिट. शिशाच्या बॅटरीत ते पाच-सहा टन होतात, लिथियम घेतलं तरी दीड-दोन टन. चाळीस वर्षांच्या स्लॅबवर हे वजन टाकायला कुठला स्ट्रक्चरल इंजिनीअर सही करेल? आठ तासांसाठी मात्र वीस युनिट पुरतात आणि लिथियममध्ये त्याचं वजन दोनशे किलोच्या आसपास भरतं. पाण्याच्या टाकीच्या तुलनेत हे काहीच नाही. म्हणून माझं मत: जनरेटरच्या परवानगीऐवजी कंपनीला सांगा की शिशाच्या जुन्या बॅटऱ्या काढा आणि आठ तासांच्या लिथियम लावा. लिथियम बॅटऱ्या चोरीला जातात ही कंपनीची खरी अडचण आहे. त्यावर गच्चीच्या दाराला चांगलं कुलूप हा उपाय आहे, आणि किल्ली कुठे ठेवायची ते वर सांगितलंच.

अजून एक वाट आहे, जी कुणी सुचवत नाही. रिडेव्हलप झालेल्या बहुतेक उंच इमारतींत लिफ्ट आणि पंपासाठी सोसायटीचा स्वतःचा जनरेटर असतो. तुमच्याकडे असेल तर त्यातून अडीच-तीन किलोवॅटची एक लाइन टॉवरला देता येते. वेगळा सबमीटर, लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियन, करारात एक कलम आणि डिझेलचे पैसे कंपनीकडून. लिफ्टच्या मोटरपुढे हा भार किरकोळ आहे. जनरेटर नसेल तर पहिल्या मजल्याच्या उंचीवर बाहेरून जनरेटर जोडायचा एक पॉइंट आणि चेंजओव्हर स्विच (बाहेरची वीज आणि जनरेटर यांच्यात अदलाबदल करणारा) बसवून घ्या. पाणी ओसरायला लागलं की फिरता जनरेटर टेम्पोतून आणून दहा मिनिटांत जोडता येतो, गच्चीपर्यंत केबल ओढत न्यावी लागत नाही.

इथवरचं सगळं वीज गेली त्या प्रसंगाचं. पण रेंज जाण्याची कारणं आणखी तीन आहेत, आणि त्या तिन्हींवर बॅटरीचा काही उपयोग नाही. ती कशी ओळखायची ते सांगतो, कारण चुकीचं निदान केलं तर तुम्ही उगाच गच्चीवर भांडत बसाल.

पहिलं, गर्दी. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्या संध्याकाळी माझ्या पडद्यावर सगळे ठिपके हिरवे होते, वीज होती, केबल होत्या, आणि तरी शहरात कुणाचा फोन लागत नव्हता. तेव्हाच्या टू-जीमध्ये एका रेडिओ चॅनलला आठ खाचा, म्हणजे एका कॉलला एक असे वेळेचे तुकडे, असायच्या. असे चार चॅनल असलेल्या एका दिशेच्या अँटेनावर, यंत्रणेसाठी राखीव एक-दोन खाचा वगळून, एका वेळी जेमतेम तीसेक कॉल. हाफ-रेट लावून, म्हणजे एका खाचेत दोन कॉल बसवून, ते दुप्पट केले तरी त्या अँटेनाखाली हजारो माणसं एकाच मिनिटाला घरी फोन लावत होती. आज फोर-जीत आवाज हाही डेटाच झालाय, जागा कितीतरी वाढलीय आणि आवाजाला व्हिडिओच्या आधी वाट मिळते. पण कॉल सुरू करण्यासाठी फोन टॉवरला जी पहिली हाक मारतो ती वाट अजून अरुंदच आहे. तिथं हजारजण एकदम ओरडले की कुणाचंच ऐकू येत नाही. फोन नाही लागला की आपण लगेच पुन्हा लावतो, मग पुन्हा. प्रत्येक रिडायल म्हणजे त्या दारात आणखी एक धक्का. ओळखायची खूण: फोनवर रेंजच्या काड्या पूर्ण आहेत, पण कॉल जात नाही किंवा लगेच तुटतो. अशा वेळी फोन ठेवा आणि एसएमएस करा. त्याला अगदी कमी जागा लागते आणि समोरच्याचा फोन बंद असला तरी तो कंपनीच्या मेसेज सेंटरमध्ये थांबून राहतो, पुन्हा पुन्हा पोहोचायचा प्रयत्न करतो. आमच्या घरात ठरलेलं आहे: काही झालं की सगळ्यांनी नाशिकच्या आत्याला एकच एसएमएस करायचा, ‘मी ठीक, अमुक ठिकाणी’. आत्या सगळ्यांचं बघते. पाचजणांनी एकमेकांना वीस कॉल लावण्यापेक्षा पाच मेसेज बरे.

दुसरं कारण, वायर. तुमच्या गच्चीवरून कॉल पुढे जातो तो एकतर रस्त्याखालच्या फायबरमधून, नाहीतर छोट्या थाळीसारख्या मायक्रोवेव्ह अँटेनावरून शेजारच्या हब साइटकडे. हब साइट म्हणजे आजूबाजूच्या अनेक साइटचा डेटा गोळा करून पुढे देणारी. तुमच्या टॉवरची वीज चालू असेल आणि हबची गेली, तर तुमच्याकडे रेंज दिसेलही, पण त्यातून काही जाणार नाही. मायक्रोवेव्हला मात्र पाऊस बाधतो. १५ गिगाहर्ट्झच्या वर तो जाणवायला लागतो आणि ७०-८० गिगाहर्ट्झच्या नव्या लिंकवर तर जोराच्या सरीत चांगलाच. रस्त्याखालच्या फायबरचं वैरी म्हणजे जेसीबी. वर्षभरात मुंबईत खोदकामानं जितक्या साइट बंद पडलेल्या मी पाहिल्या, तितक्या कुठल्याही वादळानं नाही. केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये खोदण्याआधी कळवण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अॅप आणलं. तुमच्या रस्त्यावर काँक्रिटीकरण चालू असेल, तर सेक्रेटरी म्हणून कंत्राटदाराला ते वापरलं का, हे विचारायचा हक्क तुम्हालाही आहे.

तिसरं, कंपनीच्या मुख्य यंत्रणेतच बिघाड. ८ जुलै २०२२ ला कॅनडात रॉजर्स कंपनीचं अख्ख्या देशातलं नेटवर्क एका चुकलेल्या अपडेटमुळे कोसळलं. कार्डानं पैसे देणंसुद्धा अडलं. टॉवर, बॅटरी, वायर, सगळं ठीक होतं. अशी वेळ आली तर एकाच कंपनीचे फोन बंद पडतात, शेजाऱ्याच्या दुसऱ्या कंपनीचा चालू असतो. म्हणून दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा, हा सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. टॉवर बहुतेक ठिकाणी वेगळ्या टॉवर कंपनीचा असतो आणि त्याच खांबावर दोन-तीन मोबाइल कंपन्या भाडेकरू असतात. वीज एक, बॅटरी एक. ती उतरली की तुमची दोन्ही सिम एकाच मिनिटाला जातात. पुढच्या वेळी घड्याळ लावून बघा: दोन्ही एकदम गेली तर बिघाड विजेचा, एकच गेलं तर कंपनीचा किंवा तिच्या वायरचा.

म्हणजे तुमच्या निदानासाठी एवढं: रेंजच नाही आणि सगळ्या कंपन्यांची नाही, तर वीज. काड्या आहेत पण कॉल जात नाही, तर गर्दी किंवा पुढची वायर. एकाच कंपनीचं बंद, तर ती कंपनी.

तोवर घरात काय करायचं. मुंबईत टॉवर दाट आहेत, दोन-चारशे मीटरवर दुसरा असतोच. तुमचा बंद पडला तरी शेजारच्याची रेंज इमारतीच्या कडेला पोहोचते, आतल्या खोल्यांत आणि तळमजल्यावर पोहोचत नाही. तुमच्या आजी तळमजल्यावर होत्या. त्या वेळी कुणीतरी फोन घेऊन जिन्यानं चौथ्या-पाचव्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीत जायला हवं होतं. फोनवर ‘फक्त इमर्जन्सी कॉल’ असं दिसलं तर निराश होऊ नका. त्याचा अर्थ, तुमच्या कंपनीची रेंज नाही पण दुसऱ्या कुणाची तरी आहे, आणि ११२ त्यावरून लागू शकतो. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ मात्र साध्या कॉलसारखाच जातो, त्याला स्वतःची रेंज हवी.

(एक जराशी कडू आठवण. याच उपनगरांत किती सोसायट्यांनी किरणोत्सर्गाच्या भीतीनं टॉवर काढायला लावले आणि सहा महिन्यांनी त्यांच्याच तक्रारी आल्या. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. तुम्ही टॉवर ठेवलाय, हे शेजाऱ्यांवरही उपकारच आहेत.)

फोनची बॅटरी वाचवायची तर आधी फाइव्ह-जी बंद करा. रेंजच नसेल तर एअरप्लेन मोडवर टाका आणि पंधरा-वीस मिनिटांनी एकदा उघडून बघा. रेंज नसताना फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि क्षीण रेंजवर पूर्ण जोर लावतो, त्यात बॅटरी सर्वात लवकर जाते. घरी फायबरचं इंटरनेट असेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या आणि फोनवर वायफाय कॉलिंग चालू ठेवा. टॉवर मेला तरी कॉल जाऊ शकतो. यात एक मुंबई स्पेशल खोच आहे. फायबर थेट घरातल्या डबीपर्यंत येत असेल तरच हे चालतं. जिथं केबलवाला गच्चीवर स्विचची पेटी ठेवून तिथून निळी वायर खाली सोडतो, तिथं ती पेटी सोसायटीच्या कॉमन मीटरवर असते आणि वीज गेली की तीही झोपते. तुमच्याकडे कुठल्या प्रकारची जोडणी आहे, ते आज गच्चीवर जाऊन बघून या. कुणाकडे तांब्याच्या तारेची जुनी लँडलाइन अजून असेल तर ती सोडू नका म्हणावं. तिला वीज एक्स्चेंजमधून येते, घरातली गेली तरी ती चालते.

मोठ्या वादळात एक आणखी सोय होते. जून २०२३ मध्ये बिपरजॉय आलं तेव्हा गुजरातेत आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दाना आलं तेव्हा ओडिशात, दूरसंचार विभागानं कंपन्यांना एकमेकांच्या ग्राहकांना आपल्या नेटवर्कवर घ्यायला लावलं. त्याला इंट्रा सर्कल रोमिंग म्हणतात. तसं जाहीर झालं तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हातानं निवडून बघायचं. मुंबईत साध्या तुंबलेल्या पाण्याला हे लागू होईल अशी आशा धरू नका. ३ जून २०२० ला निसर्ग नावाचं वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि मुंबई थोडक्यात वाचली. तिकडे विजेचे खांबच आडवे झाले होते, काही गावांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. तसं इथं झालं तर आठ तासांची बॅटरीही अपुरीच. तेव्हा हिशेब बॅटरीचा नसतो, डिझेल कुठवर पोहोचतं याचा असतो. २०११ च्या भूकंपानंतर जपानमधल्या डोकोमो कंपनीनं याला एक वेगळं उत्तर शोधलं: देशभरात शंभरेक उंच ठिकाणची स्टेशनं भक्कम केली, प्रत्येकाचा टप्पा सात किलोमीटर. एरवी ती गप्प असतात, लहान साइट मेल्या की ती जागी होतात. प्रत्येक गच्ची अभेद्य करता येत नाही, पण प्रत्येक वस्तीत एखादी करता येते. म्हणून कंपनीला जरूर विचारा, आमची साइट हब आहे का? असेल तर जास्त बॅकअप मागायला तुमची बाजू भक्कम आहे.

आणि तो कर्कश भोंग्यासारखा अलर्ट, जो २०२३ मध्ये चाचणी म्हणून सगळ्यांच्या फोनवर वाजला होता, तो सेटिंगमध्ये बंद करून ठेवला असेल तर चालू करा. तो एसएमएस नाही. टॉवर एकदाच बोलतो आणि त्याच्याखालचे सगळे फोन ऐकतात, त्यामुळे गर्दीतही तो अडत नाही.

आता तुमच्या हातातलं काम. टॉवरचा करार कधी संपतोय ते बघा. नूतनीकरणाच्या वेळी भाडं पाचशे-हजारानं वाढवायची घासाघीस सगळे करतात. त्याऐवजी चार ओळी घालून घ्या: आठ तासांचा बॅकअप, दर वर्षी मे महिन्यात बॅटरीची डिस्चार्ज टेस्ट आणि तिचा कागद सोसायटीला, बाहेरून जनरेटर जोडायचा पॉइंट, आणि चोवीस तास उचलला जाणारा एक फोन नंबर. डिस्चार्ज टेस्ट म्हणजे मेन्स मुद्दाम बंद करून बॅटरी खरंच किती वेळ चालते ते मोजणं. कंपनी कुरकुर करेल, पण ही मागणी गैर नाही. तुमच्या बाजूनं किल्लीची जबाबदारी लिहून द्या, म्हणजे त्यांनाही नाही म्हणता येणार नाही.

करार दूर असेल तर साइटच्या कॅबिनेटवर तिचा आयडी लिहिलेला असतो, तो आणि तक्रारीचा नंबर वॉचमनच्या टेबलावर चिकटवा. ‘आमच्याकडे रेंज नाही’ अशी तक्रार केली की ती हजारोंत जाते. ‘अमुक आयडीच्या साइटची वीज साडेचार वाजता गेली, मीटर रूममध्ये पाणी आहे, गच्चीची किल्ली वॉचमनकडे आहे’ असं सांगितलं की माणूस निघतो. आणि हा फोन रेंज जायच्या आधी करा. वीज गेल्यावर तुमच्याकडे साधारण पावणेदोन तास असतात.